संतरामचा कान आणि वीस चिरूट

संतराम म्हातारपणी चिरूट ओढायला लागला, अशी बातमी मे महिन्यात वसमतच्या धान्याच्या मोंढ्यातून निघाली आणि दोन दिवसांत आमच्या गल्लीत पोचली. पोचेपर्यंत ती चांगलीच धष्टपुष्ट झाली होती. चिरूट परदेशी आहे. रोज जेवणानंतर एक लागतो. मालकानेच सवय लावली. त्याची बायको चतुराबाईसुद्धा भांडी घासून झाली की दोन झुरके घेते, हे तर पिठाच्या गिरणीवर एका बाईने माझ्याच कानात सांगितलं. मी त्यांची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, पण सांगणारी इतक्या खात्रीने सांगत होती की क्षणभर मलाच वाटलं, आपण परगावाहून दळण घेऊन आलो आहोत.

यातलं काहीही खरं नाही. संतरामने जन्मात विडी ओढलेली नाही. उदबत्तीच्या धुरानेही त्याला ठसका लागतो, म्हणून गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला तो मांडवाबाहेर उभा राहून टाळ्या वाजवतो. त्याच्या घरात चिरूट होते, एवढं मात्र खरं. आधी वीस होते, मग अठरा राहिले. बातमी कुणी उठवली हे मला विचारू नका. मी फक्त एवढंच म्हणाले होते की यंदा चतुराबाईच्या शेवयांना साहेबलोकांच्या क्लबातला वास येतो. पुढचं ज्याने त्याने पदरचं घातलं.

संतराम मूळचा साखऱ्याचा, सेनगाव तालुक्यातला. तिकडची जमीन कोरडवाहू, म्हणून तिशीत वसमतला आला आणि अमृतरावांच्या आडत दुकानावर पोती उचलायला लागला. आता अठ्ठावन्न वर्षांचा आहे. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं, आणि कान मोठे. कानांचं मी उगाच सांगत नाही. गेली वीस वर्षं त्याची सगळी पत त्या कानांवर आहे.

आमच्याकडे हळद शिजवून, वाळवून मोंढ्यात येते. नीट वाळलेली नसली तर पोत्यातल्या पोत्यात बुरशी धरते आणि एका पोत्यापायी अख्खी थप्पी जाते. म्हणून हर्राशीतल्या बोली सुरू व्हायच्या आधी ढिगातली ओल किती, हे कुणीतरी सांगावं लागतं. अमृतरावांच्या दुकानावर ते काम संतरामचं. तो ढिगात हात घालतो, एक हळकुंड काढतो, कानाजवळ नेऊन मोडतो. खण्ण असा आवाज आला की माल कोरडा. आवाज बसका निघाला की ओल आहे. मग तो आकडा सांगतो. "दहा." नाहीतर, "साडेअकरा, मामा, अजून दोन उन्हं द्या." एकदा बाहेरगावच्या एका खरेदीदाराने सोबत आणलेलं मशीन लावून पाहिलं. दोघांच्या आकड्यात एका टक्क्याचा फरक निघाला. खरेदीदाराने मशीन बदललं.

हंगामात मी कधी त्या बाजूला गेले तर मुद्दाम थांबते. एरवी एकमेकांच्या अंगावर ओरडणारी पंचवीस-तीस माणसं संतरामने हळकुंड कानाला लावलं की श्वास धरून उभी राहतात. घरी चतुराबाई त्याला तीनदा जेवायला बोलावते तेव्हा त्याला एकदाही ऐकू येत नाही. पण तो वेगळा विषय आहे.

अमृतरावांची मुलगी प्रतिक्षा दोन वर्षांपासून दुकानाचा कारभार पाहते. शिकून आलेली, कामाला वाघीण. आल्या आल्या तिने ओल मोजायचं नवं मशीन घेतलं. डब्यात मूठभर हळद टाकायची, झाकण लावायचं, पडद्यावर आकडा येतो. ती संतरामला काका म्हणते, चहा आला की पहिला कप त्याच्या हातात देते. पण विश्वास तिचा आकड्यावर. संतरामला मशीनविषयी विचारलं की तो म्हणायचा, "चांगलं हाये. पण त्याला हळद आवडते का न्हाई, ते कळत न्हाई."

आता चिरूट. मुंबईच्या एका मसाला कंपनीसाठी हळद घेणारे रत्नपालसाहेब दर हंगामात अमृतरावांकडे येतात. आधी ते सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनीअर होते. जहाज सोडताना त्यांच्या कप्तानाने त्यांना एक लाकडी पेटी दिली, आत वीस चिरूट. मुलीचं लग्न मार्गशीर्षात ठरलेलं, जहाजावरचे जुने सोबती येणार, त्यांच्यात ते चिरूट वाटायचे असं साहेबांनी ठरवलं होतं. अडचण एकच होती. डॉक्टरांनी त्यांना ओढायची मनाई केली होती आणि पेटी घरी राहिली तर आपण लग्नापर्यंत कळ काढू, असं त्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं. म्हणून एप्रिलमध्ये ते पेटी घेऊनच वसमतला आले आणि अमृतरावांच्या हवाली करून गेले. कशी ठेवायची, पेटीतलं ओलीचं छोटं घड्याळ कसं वाचायचं, हे त्यांनी दहा मिनिटं समजावलं. अमृतराव त्या दहाही मिनिटांत फोनवर तुरीच्या भावाचं बोलत होते.

साहेब गेल्यावर अमृतरावांनी पेटी संतरामकडे सरकवली. "गोदामात नीट ठेव. ओल-बील लागू देऊ नको." हळदीच्या माणसाला दुसरं काय सुचणार?

संतराम प्रामाणिक माणूस. चार दिवसांनी त्याने पेटी उघडून पाहिली. एक चिरूट हातात घेतला, बोटाने दाबला. तो दबला आणि परत फुगला. कानाजवळ फिरवून पाहिला तर काहीच आवाज नाही. इतका ओला माल चार दिवस बंद पेटीत! त्याने गोदामापुढच्या ओट्यावर स्वच्छ बारदान अंथरलं, विसाच्या वीस चिरूट ओळीने मांडले आणि एप्रिलच्या उन्हात वाळत घातले. दुपारी एकदा पलटवलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्या संध्याकाळी प्रतिक्षा ओट्यावर आली.

"काका, हे काय वाळत घातलंय?"

"साहेबांचे चिरूट, ताई. लई ओलसर होते. आणखी आठ दिवस तसेच राहिले असते तर बुरशीच धरली असती. आता ऐका." त्याने एक चिरूट तिच्या कानाजवळ नेऊन दोन बोटांत फिरवला. वाळल्या पाल्यावरून कुणी चालत जावं तसा करकर आवाज आला. "कसा वाजून राहिला?"

प्रतिक्षाने फोन काढला, वाचलं, आणि ओट्यावर बसलीच.

"काका, हे ओलसरच ठेवायचे असतात."

"काहून?"

"वाळले की वरचं पान फुटतं, चव जाते. पासष्ट ते सत्तर टक्के ओल लागते ह्यांना."

"सत्तर?" संतरामने चिरूट खाली ठेवला. "ताई, सत्तर टक्के ओलीच्या मालाला मोंढ्यात काय म्हणतात, ठावं हाये का? खत."

तिने समजावलं की ही ओल मालातली नाही, पेटीतल्या हवेतली; पेटीतलं घड्याळ तीच दाखवतं. संतरामने ऐकून घेतलं. मग एकेक चिरूट उचलून पाहिला. एकाचं पान देठापासून टोकापर्यंत उललं होतं. विसातला एक तिथेच गेला.

अमृतरावांना कळल्यावर जे व्हायचं ते झालं.

"संतराम, तुला पेटी सांभाळायला देली व्हती का पापड वाळवायला?"

"तुमीच म्हणले ना मालक, ओल लागू देऊ नको."

"मी काहीबी म्हणीन. कान कुणाला हाये, तुला का मला?" अमृतरावांना राग आला की ते समोरच्याच्याच गुणावर बोट ठेवतात. "उद्या हळदीतबी असंच करशील. पुढच्या हंगामापासून ढिगावर मशीनच लावू. तू थप्प्यांवर ध्यान ठेव."

पगार तोच राहणार होता, काम उलट हलकं होणार होतं. पण थप्प्यांवर ध्यान ठेवणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्याच्यासाठी कुणी श्वास धरून उभं राहत नाही. हे संतरामलाही कळत होतं, प्रतिक्षालाही, आणि तिथे उभ्या असलेल्या हमालांनाही. त्यांनीच तर मला सगळं सांगितलं.

संतरामने उललेला चिरूट कागदाच्या पुडीत ठेवला. मग म्हणाला, "साहेब पेटी न्यायला कवा येणार?"

"दिवाळी झाल्यावर."

"तवर माझ्याकडं राहू द्या. त्येंनी बराबर हाये म्हणलं, तर हंगामात ढिगावर मी उभा राहीन. न्हाई म्हणलं तर मी आपणहून थप्प्यांकडं जातो. तुमाला सांगायची बी तकलीफ न्हाई."

अमृतरावांनी मान डोलावली. प्रतिक्षा म्हणाली, "साहेबांना फोन करून सांगायला हवं." संतराम म्हणाला, "सांगायचं तर हायेच. पण ते आले की मीच सांगतो, समोर."

पेटी गोदामात ठेवून चालणार नव्हतं, हे त्याच्या त्यानेच ओळखलं. हळदीच्या पोत्यांना जो तपकिरी, मोहरीएवढा किडा लागतो, तोच तंबाखूलाही लागतो. त्याच्या वडिलांची तंबाखूची पानं त्या किड्याने एकदा भोकं पाडून चाळणी करून टाकली होती. शिवाय किड्यासाठी गोदामाला औषधाची धुरी द्यावी लागते, तिचा वास पेटीत शिरला असता. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात संतराम पेटी सायकलला बांधून घरी घेऊन आला. तिथून माझं निरीक्षण सुरू झालं.

घरी आल्यावर त्याने दुसरी चूक केली. ओल पाहिजे ना, मग देऊन टाकू, असं म्हणून त्याने पंचाचा तुकडा भिजवला, पिळला आणि पेटीत ठेवून झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर एक चिरूट मधोमध फुगून फाटला होता. आतला तंबाखू भसाभस ओल पिऊन फुगला आणि वरचं पातळ पान ताणलं जायला तयार नव्हतं.

"उपाशी माणसाला एकदम पोटभर पुरणपोळ्या वाढल्या तुमी," चतुराबाई म्हणाली. "जरा पेज, जरा पाणी, असं तर करायचं."

"मंग काय करू?"

"माठ फुटला ना आपला परवा? त्याची खापरी भिजवा, पुसून घ्या. जेवढं लागंल तेवढं पाणी ती हळूहळू सोडती. माठ काय आपल्या अंगावर पाणी फेकतो का?"

चतुराबाई शाळेत दुसरीपर्यंत गेलेली आहे. हे मी नुसतंच नोंदवून ठेवते.

मग व्यवस्था अशी झाली. घरात एक पत्र्याची कोठी आहे, झाकण घट्ट बसणारी. तिच्या तळाशी लाकडी पेटी, झाकण बोटभर उघडं. दुसऱ्या कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली ओलसर खापरी. दर तीन दिवसांनी खापरी पुन्हा भिजवायची आणि पुसून ठेवायची. आणि कोठीच्या वरच्या अंगाला, परातीत, चतुराबाईच्या वर्षाच्या शेवया. कारण कोठी तिची होती आणि जागा सोडायला ती तयार नव्हती. अक्षय तृतीयेला तिने आमरसासोबत शेवया वाढल्या तेव्हा आमच्या ह्यांनी पहिल्या घासाला माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या घासाला दाराकडे. माझ्या तोंडून ते क्लबाचं वाक्य निघालं, ते त्या दिवशी.

रोज सकाळी चहा झाला की संतराम कोठी उघडायचा, एक चिरूट काढायचा, कानाशी नेऊन दोन बोटांत फिरवायचा, ठेवून द्यायचा. त्याची खिडकी गल्लीवर आहे. बाहेरून जाणाऱ्याला काय दिसणार? बनियन घातलेला माणूस, हातात चिरूट, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. बातमी पसरली ती काय उगाच?

बातमी कानावर आली तेव्हा चतुराबाई चिडली. संतराम चिडला नाही. त्याला तेवढी फुरसतच नव्हती. आयुष्यभर त्याने कानाला एकच शिकवलं होतं, वाजलं की चांगलं. आता त्याला उलटं शिकायचं होतं, गप्प बसलं की चांगलं. एकदा मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, लई कठीण हाये. आवाज आला की माझं मन अजून खूश होऊन राहतं. मंग त्याला सांगावं लागतं, गप, हे हळकुंड न्हाई." चिरूट वाजायचे ते मात्र दर आठवड्याला थोडे कमी. पाल्याचा आवाज जाऊन नव्या साडीच्या घडीसारखा आवाज राहिला, मग तोही मऊ झाला.

जूनच्या मध्यावर प्रतिक्षा पाहायला आली. कोठी उघडली, पेटीतलं घड्याळ पाहिलं. काटा बरोबर सत्तरवर.

"झालं, काका! काढा आता खापरी. जास्त झाली तर बुरशी येईल."

संतरामने एक चिरूट कानाला लावला. "न्हाई ताई. अजून बारीक बोलून राहिलेत. पोटात कोरडे हायेत."

"घड्याळ सत्तर सांगतंय."

"सांगू द्या."

"काका, तुमचा कान हळदीचा आहे. हे यंत्र ह्याच कामासाठी बनवलेलं आहे."

"असंल. पण पेटी माझ्याकडं हाये, अन् थप्प्याबी मलाच मोजाव्या लागतील. खापरी राहू द्या."

मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. किलोभर तांदूळ मी त्या दिवशी दोनदा निवडले. प्रतिक्षा फुरंगटून गेली. पण पोरगी हिशेबाची. दोन दिवसांनी परत आली ती काचेची बरणी घेऊन. म्हणाली, असली घड्याळं कधी कधी चुकीचं दाखवतात, ती तपासायची एक रीत आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, पाण्याचे चार-पाच थेंब टाकून ओलं करायचं, पातळ होऊ द्यायचं नाही. ते झाकण आणि घड्याळ बरणीत शेजारी ठेवून बरणी एक दिवस घट्ट बंद करायची. मिठाच्या हवेत ओल कायम पंच्याहत्तर असते. घड्याळाने पंच्याहत्तर दाखवलं तर घड्याळ खरं.

दुसऱ्या दिवशी चौघं बरणीभोवती बसलो. चौथी मी, मीठ माझ्याच घरचं होतं.

काटा त्र्याऐंशीवर होता.

प्रतिक्षाने बरणी उचलून उजेडात धरली, ठेवली, परत उचलली. मग हळू आवाजात म्हणाली, "आठाने जास्त दाखवतंय. म्हणजे त्या दिवशी सत्तर नव्हतेच. बासष्ट होते."

चतुराबाईने चहा टाकला. संतराम खापरी भिजवायला उठला. 'मी म्हणलं नव्हतं का?' असा एक शब्द त्याने काढला नाही. हे त्याला कसं जमलं मला माहीत नाही. आमच्या घरात कुणालाच जमलं नसतं.

चहा घेताना प्रतिक्षाने स्वतःच विचारलं, "काका, दुकानातलं मशीनसुद्धा असंच चुकत असेल का?"

"मला काय ठावं? त्याला मीठ लावून पाहा," संतराम म्हणाला.

जुलै-ऑगस्टात उलटी तऱ्हा. झड लागली, आठ आठ दिवस ऊन नाही, कपडे दोरीवरच आंबले. आता हवेतच इतकी ओल की खापरी बाहेर काढावी लागली. तरी काटा चढत राहिला. घड्याळातून आठ वजा करायचे हे आता चतुराबाईलाही पाठ झालं होतं. एका सकाळी एका चिरुटावर पांढरी लव दिसली. संतरामचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता; मी पाहिला. पण ओल काढणं हे तर त्याचं जुनं काम. त्याने मलमलच्या फडक्याने लव हलक्या हाताने पुसली, तो चिरूट चार दिवस पेटीबाहेर वेगळा ठेवला, आणि तांदूळ तव्यावर कोरडे भाजून पुरचुंडीत बांधून कोठीत ठेवले. ते ओल ओढून घेतात. चार दिवसांनी पुरचुंडी काढायची, तांदूळ पुन्हा भाजायचे. भाजायचं काम अर्थात चतुराबाईचं.

"सवतीचंसुद्धा मी इतकं केलं नसतं," ती मला म्हणाली. पण तांदूळ करपू दिले नाहीत.

शेवया मात्र तिने श्रावणात हलवल्या. आमच्या घरी ठेवल्या. तेव्हापासून आमच्या कपाटाला वास येतो.

दिवाळी झाली. रत्नपालसाहेब येणार त्या दिवशी नेमकी माझ्या घरातली हळद संपली, म्हणून मी अमृतरावांच्या दुकानावर गेले. संतराम धुतलेला सदरा घालून, पेटी फडक्यात बांधून आला होता. साहेब गादीवर बसले, पेटी उघडली, आणि इंजिनीअर माणूस तो, पहिल्यांदा मोजणी केली.

"अठरा?"

अमृतरावांनी छताकडे पाहिलं. संतराम पुढे झाला.

"दोन माझ्या हातनं गेले, साहेब. एक उन्हानं, एक पाण्यानं. मला ठावं नव्हतं. हळदीसारखे मी वाळत घातले होते सगळेच्या सगळे. मंग हळूहळू माघारी आणले." त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. त्यात ते दोन फाटलेले चिरूट होते. टाकून दिलेले नव्हते.

साहेबांनी पुडीकडे पाहिलं, संतरामकडे पाहिलं. मग पेटीतला एक चिरूट उचलला, आणि जे त्यांनी केलं ते पाहून प्रतिक्षाने माझा हात धरला. त्यांनी तो कानाशी नेला आणि दोन बोटांत फिरवला. डोळे मिटून. हुबेहूब संतरामसारखे.

दुकानात हळकुंडाच्या वेळची शांतता झाली. फरक इतकाच की या वेळी श्वास धरून संतराम उभा होता.

"काहीच वाजत नाही," साहेब म्हणाले.

"न्हाई वाजायला पाहिजे," संतराम म्हणाला.

साहेबांनी टोक कापलं, काडी लावली. डॉक्टरचं कुणी नाव काढलं नाही. दुकानात धूर झाला तसा संतराम खोकत बाहेर ओट्यावर गेला आणि निकाल त्याला दारातून ऐकावा लागला. साहेब सावकाश ओढत होते. राख बोटभर झाली तरी पडली नाही.

"सुगंध थोडा उतरलाय," ते म्हणाले. संतरामची मान खाली गेली. "पण जळतोय एकसारखा, आणि पान कुठे फुटत नाही. एप्रिलच्या उन्हातून परत आणलेत? मी जहाजावर असे वाळलेले चिरूट समुद्रात फेकलेत. अमृतराव, बरोबर आहे पेटी. माझ्या घरी राहिले असते तर दोन गेले नसते, दोन उरले असते."

"मी म्हणतच होतो," अमृतराव म्हणाले. काय म्हणत होते ते त्यांनी सांगितलं नाही.

प्रतिक्षा म्हणाली, "बाबा, मग हंगामात ढिगावर काकाच. मशीन राहू दे, पण रोज सकाळी पहिल्या पाच ढिगांना काकांचा आकडा आधी, मशीनचा नंतर. दोन्ही जुळले नाहीत तर मशीन दुरुस्तीला."

"मी कुठं न्हाई म्हणलो?" अमृतराव म्हणाले आणि फोन कानाला लावला. तो वाजलेला नव्हता.

साहेबांनी जाताना संतरामला एक चिरूट देऊ केला. त्याने दोन्ही हात जोडले. "पाव्हण्यांना कमी पडंल." आणि फडकं घडी करून खिशात ठेवलं.

आता हंगाम सुरू झालाय. संतराम ढिगावर उभा असतो. मशीन शेजारी स्टुलावर असतं. काही नवे खरेदीदार अजून मशीनच पाहतात, संतराम त्यांना अडवत नाही. गल्लीत मात्र अजून दोघं-तिघं त्याला दिसला की तोंडाशी दोन बोटं नेऊन झुरका मारल्याची खूण करतात. परवा मीही म्हटलं, "संतरामभाऊ, सात महिने त्या चिरुटांना लेकरासारखं कानाशी घेऊन बसलात. एकदा चव तरी पाहायची होती."

संतराम चप्पल घालता घालता थांबला आणि म्हणाला, "वहिनी, पंधरा वर्षं झाली, भिंतीतून तुमचं अन् भाऊंचं भांडण रोज ऐकून राहिलो. चव पाहायला आत आलो का कवा?"